‘आंबा कार्बाइडचा नाही ना?’ आणि न विचारलेले प्रश्न

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की देवगड तालुक्यातल्या बागायतदारांना मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात, आणि भावाच्याही आधी एक प्रश्न हमखास येतो: ‘आंबा कार्बाइडचा नाही ना?’ प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या थोडं आधी, महाशिवरात्रीला कुणकेश्वरची यात्रा भरते तेव्हा हीच मंडळी मुलांच्या हातात भडक गुलाबी ‘म्हातारीचे केस’ देतात, कागदाच्या पुडीतलं कुंकू घेतात, कंपनीचा पत्ता नसलेली गोरेपणाची क्रीम पिशवीत टाकतात आणि रात्री नातेवाइकांकडे दारं-खिडक्या लावून, कॉइल पेटवून झोपतात. तेव्हा कुणी काही विचारत नाही. रोजच्या वापरातल्या विषारी रसायनांबद्दल वाचकांचे जे प्रश्न येतात, त्यांतही हीच तऱ्हा दिसते. ज्याची बातमी झाली त्याची धास्ती घ्यायची आणि जे वर्षभर नाकातोंडात जातं त्याची गणतीच करायची नाही. तुमची काळजी खोटी नाही, पण ती बरीचशी चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे. ती कुठे लावावी, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हा लेख.

वस्तू घेण्याआधी चार प्रश्न

‘यात केमिकल आहे का?’ या प्रश्नाला अर्थ नाही, कारण मीठ आणि पानाला लावायचा चुनाही रसायनंच आहेत. घरच्या घरी कोणत्याही वस्तूतलं शिसं, पारा किंवा आर्सेनिक डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, हेही आधीच मान्य करून टाका. मग उरतात ते हे प्रश्न, आणि त्यांची उत्तरं तुम्हाला नक्की देता येतात:

- ही वस्तू शरीरात कुठून जाणार? श्वासातून आणि पोटातून जाणारं जास्त धोक्याचं. कातडीवरचं बरंचसं धुतलं जातं, पण क्रीम आपण मुद्दाम चोळून जिरवतो, तिला ही सवलत नाही, फवारणीच्या औषधालाही नाही.
- किती दिवस? वर्षातून एकदा खाल्लेला जिन्नस आणि रोज रात्री घेतलेला धूर यांना एकाच मापाने मोजू नका.
- कोण वापरणार? गरोदर बाई, अंगावर पिणारं बाळ आणि सहा वर्षांखालचं मूल यांना वेगळा नियम. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं.
- उद्या काही झालं तर कुणाला धरायचं? वेष्टनावर नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नसेल, तर त्या वस्तूला मालक नाही असं समजा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लेबल म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे, लेबल असलेला मालही नापास होतो. पण नापास ठरला तर तो परत मागवता येतो, कारखान्यापर्यंत पोचता येतं. बिनालेबलच्या पुडीचा माग दुकानाच्या फळीपाशीच संपतो.

आंबा: काय तपासता येतं, काय नाही

कॅल्शियम कार्बाइड म्हणजे करड्या रंगाचे खडे. पेटीत, आंब्यांच्या मधोमध कागदाच्या पुडीत ते ठेवतात. हवेतली आणि फळातली ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो, त्याने फळ पिकल्यासारखं होतं, आणि पुडीत मागे उरते ती चुन्याची पांढरी भुकटी. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि लसणासारखा जो उग्र दर्प येतो तो त्यातल्या फॉस्फरसमुळे सुटणाऱ्या वायूचा. कार्बाइडने फळं पिकवून विकायला २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनी देशभर बंदी आहे. सर्वाधिक धोका कुणाला, हेही नीट समजून घ्या. पुड्या बांधणारा आणि बंद खोलीत पेट्या उघडणारा माणूस पहिला, आणि ज्या फळाला भुकटी लागली ते न धुता चोखून खाणारा दुसरा. धुऊन, साल काढून खाल्लेल्या फोडीचा धोका त्या मानाने बराच कमी. ही बंदीला सूट नाही, क्रम कळावा म्हणून सांगितलं.

मात्र ‘कृत्रिमरीत्या पिकवलेलं सगळंच विषारी’ हा समज सोडून द्या. इथिलीन हा वायू आंबा पिकताना स्वतःच तयार करतो. पिकवण खोलीत तो बाहेरून सोडायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून परवानगी दिली आहे, त्याची मर्यादा दशलक्ष भागांत १०० भाग. त्यामुळे व्यापारी ‘इथिलीनवर पिकवलाय’ असं सरळ सांगत असेल तर घाबरू नका. इथेफॉन या रसायनाच्या पाण्यात फळं बुडवून काढणं मात्र नियमात बसत नाही, आणि इथिलीनची पुडी वापरली तरी तिची पावडर फळाला लागता कामा नये.

आता घरगुती परीक्षांबद्दल. ‘पाण्यात बुडाला तो नैसर्गिक, तरंगला तो कार्बाइडचा’ असं सगळीकडे सांगतात. बुडणारं फळ पक्व, भरलेलं असतं, तरंगणारं बहुधा कोवळं काढलेलं, एवढंच या परीक्षेतून कळतं. रसायनाबद्दल पाणी काहीही सांगत नाही. पण कोवळं फळ आणि कार्बाइड यांचा संबंध आहे, आणि तो भावातून येतो. हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला जो दर मिळतो त्यापायी आंबा चौदा आणे तयार होण्याआधीच उतरवला जातो, आणि कोवळ्या फळाला रंग आणण्यासाठी कार्बाइडचा मोह होतो. म्हणजे सगळ्यांत आधी, सगळ्यांत महाग आंबा मागणारं गिऱ्हाईकही या साखळीत आहे. भौगोलिक मानांकनाचा शिक्काही याचं उत्तर नव्हे. कोकणच्या हापूसला २०१८ साली मानांकन मिळालं ते फळ कुठलं हे सांगतं, कसं पिकवलं हे नाही.

तुमच्या हातात असलेले पर्याय असे:

- शक्य असेल तर कच्ची पेटी मागवा आणि घरी अढी घाला. कोरड्या, हवेशीर जागी पेंढा किंवा गवत पसरून एक-दोन थर, देठाची बाजू सांभाळून. हापूस साधारण आठ ते पंधरा दिवसांत तयार होतो. रोज चाळा, डागी फळ बाजूला काढा.
- तयार पेटी घेतलीत तर ती उघडताना खिडकी उघडी ठेवा. पुडी दिसली तर फोटो काढा, हात लावू नका, ओल्या हाताने तर मुळीच नाही.
- कोणताही आंबा वाहत्या पाण्यात धुवा, देठाकडचा चीक काढून टाका. लहान मुलांना साल चोखायला देऊ नका.
- फोनवर ‘कार्बाइडचा नाही ना?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. ‘कधी उतरवला, कुठे पिकवला, बिलावर लिहून देणार का?’ असं विचारा.

बागेचं औषध घरात

हा मजकूर गिऱ्हाइकांपेक्षा बागवाल्यांसाठी. कोकणात फवारणीच्या कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात, आणि नावामुळे धाक कमी होतो की काय कोण जाणे, पण रिकाम्या कॅनमध्ये पाणी, रॉकेल, कधी तेलही साठवलं जातं. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तो कापूस होता, पण कातडीतून आणि श्वासातून विष अंगात भिनण्याची रीत आंब्याच्या झाडाखालीही तीच. उलट इथे फवारा वरच्या दिशेने मारतात, तो परत अंगावर पडतो. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. रिकामा डबा भोक पाडून निकामी करा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. आणि राखणीला बागेतच राहणारी नेपाळी कुटुंबं ज्या खोपीत स्वयंपाक करतात, तिथेच कॅन रचून ठेवू नका. संरक्षक कपडे, हातमोजे पुरवणं ही काम करून घेणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे, मजुराची हौस नाही.

कुंकू, शेंदूर, हळद

खरं कुंकू हळदीवर चुन्याची किंवा तत्सम क्षाराची प्रक्रिया करून होतं, त्यावर लिंबू पिळलं तर ते पुन्हा पिवळं पडतं. चाचणी मजेशीर आहे आणि खरीही आहे. पण तिने फक्त हळद आहे एवढंच कळतं. शिसं नाही, हे कळत नाही. शेंदराची गोष्ट वेगळी. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. २०१७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतून आणि मुंबई-दिल्लीतून सिंदुराचे ११८ नमुने गोळा केले, तेव्हा साधारण पाचांतल्या चार नमुन्यांत शिसं सापडलं. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मुलांच्या मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही, आणि ते होताना वरून काही दिसतही नाही.

यावर श्रद्धेचा आक्षेप येईल. पण मारुतीच्या शेंदराला नमस्कार करायला कुणाची हरकत नाही, प्रश्न तो हातावरून तोंडात जाण्याचा आहे. म्हणून शेंदरी मूर्तीला हात लावल्यावर प्रसाद खाण्याआधी हात धुवा. तान्ह्या बाळाच्या कपाळाला शेंदूर लावू नका, डोळ्यांत सुरमा घालू नका. रोजच्या वापराचं कुंकू नावापत्त्याच्या डबीतलं घ्या. सुटी, झळझळीत पिवळी हळद टाळा. पिवळा रंग चढवायला लेड क्रोमेट वापरल्याचं भारतातल्या आणि बांगलादेशातल्या नमुन्यांत आढळलं आहे.

गोरेपणाची क्रीम: इथे तडजोड नको

या लेखातली एकच गोष्ट अमलात आणणार असाल तर ही आणा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडाचा विकार क्रीममधल्या पाऱ्याशी जोडला गेला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने तपासणी केली तेव्हा हे उघड झालं. केरळमधल्या कोट्टक्कल इथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका रुग्णालयात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांमध्ये त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या पंधरांपैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं सांगितलं. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून क्रीम खरोखरच ‘काम करते’, आणि म्हणूनच ती सोडवत नाही. पंधरा दिवसांत लख्ख फरक पडतो ही या क्रीमची जाहिरात असते. खरं म्हणजे तीच धोक्याची खूण आहे.

आपल्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालता येत नाही, नकळत आलेल्या अंशालाही दशलक्षात एक भाग इतकीच मर्यादा आहे, फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांना थोडी सूट. वेष्टनावर हे शोधा:

- उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता आणि उत्पादन परवाना क्रमांक, परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक;
- घटकांची यादी, बॅच क्रमांक, वापराची मुदत;
- यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड यांपैकी काही आहे का. आणि यादीच नसेल तर डबी परत फळीवर.

क्रीम आधीपासून लावत असाल आणि चेहऱ्याला किंवा पायांना सूज, लघवीला फेस अशी लक्षणं दिसली तर क्रीम थांबवा, डबीसह डॉक्टरांकडे जा आणि वापर लपवू नका. हे लपवलं जातं म्हणून निदान महिनोन्‌महिने लांबतं.

यात्रेतला खाऊ आणि खेळणी

गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’त ऱ्होडामिन-बी हा कापडाचा रंग सापडल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरीने आणि पाठोपाठ तमिळनाडूने त्यांची विक्री बंद केली. खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आपल्याकडे मोजून आठ आहेत, आणि ऱ्होडामिन त्यांत नाही. पांढरे केस मागा, मुलांचं काही बिघडत नाही. मालवणी खाजा आणि शेंगदाण्याचे लाडू यांना तर रंगाची गरजच पडत नाही, गूळ आणि आलं पुरतं. गरम भजी वर्तमानपत्रात घेऊ नका, छापील कागदात खाद्यपदार्थ बांधायला जुलै २०१९ पासून मनाई आहे. खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकलेला त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर खूण दिसली नाही म्हणून ती हलकी ठरत नाहीत. तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाला मात्र रंगवलेलं काहीच देऊ नका.

बंद खोली, कॉइल आणि संडासाचं ॲसिड

पावसाळ्यात कोकणातली घरं बंद असतात आणि डास भरपूर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, चिनी आणि मलेशियन कॉइलवर केलेल्या अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. हा आकडा धुरातल्या कणांपुरताच आहे, कॉइल लावणं म्हणजे तेवढ्या सिगारेटी ओढणं असा त्याचा सरधोपट अर्थ घेऊ नका. तरीही रोज रात्रीचे आठ तास आणि शेजारी झोपलेलं मूल, हे गणित पेटीतल्या पुडीपेक्षा कितीतरी मोठं आहे. डेंग्यू-मलेरियाचा धोका खराच आहे, त्यामुळे डास चावू देत असा सल्ला कुणी देणार नाही. खिडक्यांना जाळी आणि झोपताना मच्छरदाणी हा पहिला पर्याय. कॉइल लावायचीच तर संध्याकाळी, खोलीत कुणी नसताना. झोपण्याआधी ती विझवा आणि खोली हवेशीर करा.

विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीकडून मिळणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बऱ्याच घरांत उरलेली असते, आणि ती संडास-मोरी घासायलाही जाते. तिच्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या संडासात दोन मिनिटांत जीव घाबरा होतो. दोन सफाईची द्रव्यं कधीही एकत्र करू नका, त्यातलं एक ‘घरगुती’ असलं तरी. तसंच बाळंतविड्याचे जुने कपडे डांबराच्या गोळ्यांतून काढून थेट बाळाला घालू नका. काही बाळांना रक्तातल्या एका विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थालिनने फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. कपडे धुऊन दिवसभर उन्हात टाका, मगच घाला.

‘आमच्या आजीने हेच वापरलं’

आजीच्या कुंकवात हळद होती, आजच्या पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नाही, हे एक उत्तर. दुसरं असं की शिशाने कमी झालेली बुद्धी कुठल्या नोंदवहीत लिहिली जात नाही, त्यामुळे ‘काही झालं नाही’ हे आपण कशावरून म्हणतो? आणखी एक आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: यात्रेतला फेरीवाला गरीब, त्याच्या पोटावर का पाय द्यायचा? खरं आहे. भेसळ तो करत नाही, तो विकत आणतो. म्हणून तक्रार करताना त्याच्याकडून माल कुठून आला हे विचारून घ्या आणि तेच नाव पुढे द्या. एकट्यादुकट्याने काय होणार, असं वाटणाऱ्यांसाठी बांगलादेशचं उदाहरण पुरे. तिथे २०१९ साली बाजारातल्या जवळपास निम्म्या हळदीत शिसं सापडत होतं. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत नमुन्यांतलं ते प्रमाण शून्यावर आलं.

तुमचे हक्क आणि तक्रारीची वाट

- बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वेष्टन आणि उरलेला माल जपून ठेवा.
- स्वतः तपासून घ्या. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एकच, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते: तपासणीला देणार असल्याचं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. दोष आढळला तर शुल्क परत मिळतं.
- अन्न किंवा सौंदर्यप्रसाधनाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, १८००-२२२-३६५ या क्रमांकावर किंवा जिल्हा कार्यालयात लेखी. वस्तू, ठिकाण, तारीख आणि बॅच लिहा. ‘सगळीकडे भेसळ चालते’ अशा अर्जाचं कुणीही काही करू शकत नाही.
- पैसे आणि नुकसानभरपाई यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, किंवा जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. देवगडहून मागवलेल्या पेटीसाठी दादरच्या माणसाला सिंधुदुर्गात खेपा घालाव्या लागत नाहीत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

विष पोटात गेल्याची शंका आली तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. ॲसिड किंवा रॉकेल असेल तर उलटीने जास्त इजा होते. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा क्रमांक १८००-११६-११७ आहे, तो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात जाताना बाटली, डबी, पुडी जे काही असेल ते लेबलसह बरोबर घ्या, रिकामं असलं तरी.